दगडाच्या धन्याचं पान

भादव्यातलं धुकं वलवणच्या धरणावरनं उठून आमच्या खाचरात येऊन बसलं होतं. भुरभुर थांबलेली, पण आभाळाचं मन काही ठरत नव्हतं. अशा हवेत म्हाताऱ्याचं डोकं जरा तरंगतंच. मी जे करून बसलो, त्यातला अर्धा दोष त्या धुक्याला द्या.

पुण्याच्या एक बाई आमच्या बांधाबांधानं दगड बघत हिंडत होत्या. पहिली माणसं कशी घडली, ते त्या दगडांवरनं शोधतात. पावसानं माती धुतली की त्यांची हत्यारं वर येतात म्हणे. माझ्याच बांधावर त्यांना एक घावलं. प्लास्टिकच्या पिशवीतनंच दाखवलं, हातात काही दिलं नाही.

"आबा, ही धार बघा. आणि ही बाजू कुणाच्या तरी हातानं गुळगुळीत झालीय. तपासावं लागेल, पण फार जुना असू शकतो."

"किती जुना?"

"तुमच्या पणज्याच्या पणज्यालाही ठाऊक नसेल, इतका."

झालं. दिवसभर मी मनानं तो दगड धरणाऱ्या माणसापाशीच बसून होतो म्हणा ना. त्यानंही हेच धुकं पाहिलं असेल का? शब्दच नसतील, तर बायकोला हाक कशी मारत असेल? आता त्याच्या नावानं घास ठेवणारं कुणी उरलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी वडिलांचं सराद होतं. छपरावर त्यांचं पान ठेवलं, शेजारी आणखी एक.

"ह्ये कुणाचं?" शेजारच्या बबननं विचारलं.

"दगडाच्या धन्याचं."

वडिलांच्या पानाकडं कावळा बघेना. धन्याच्या पानाला मात्र लगेच शिवला. माझे डोळेच भरून आले.

बाईंना जेवायला बोलावलं होतं. हात धुतल्यावर त्यांनी कौतुकानं दगड माझ्या हातात दिला. तर माझा अंगठा आपसूक एका खळग्यात जाऊन बसला. बोटंही जिथल्या तिथं. डोळ्याआधी हात ओळखतो हो. नांगराच्या फाळाची माती खरवडायचा माझाच दगड तो, दोन पावसाळ्यांमागं हरवलेला.

सांगू का नको? बाईंचा चेहरा केवढा फुललेला. पण माझ्या दगडापायी त्यांची विद्या खोटी पडायची.

"बाई, ह्याचा धनी मीच हाय."

त्यांनी वहीत काहीतरी खोडलं. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता फाळ खरवडून दाखवा. जुनी माणसं दगड कशी धरत असतील, ते आम्हाला असंच बघून कळतं."

मी खरवडत बसलो, त्या फोटो काढत राहिल्या. बबन छपराकडं बघत म्हणाला, "म्हंजी आबा, जित्तेपणी सोताचंच सराद घातलं तुमी. आन कावळा बी लगीच शिवला. तुमची काय इच्छा ऱ्हायली न्हाई, तवा ती उरलेली खीर मला वाढा."