बंदरावर उतरलेली माणसं

पॉवरलूमवर उभं राहून राहून छातीत दम भरला आणि डॉक्टरनं मला घरी बसवलं, त्या वर्षीची ही गोष्ट. सुरतेत, उधन्याच्या खोलीत नुसतं बसून अंग आंबून जायचं. काम करून इतका थकलो नव्हतो कधी.

पोरगा हजिऱ्याला कंपनीत होता. तिथला एक गोरा साहेब मायदेशी परत जाताना सामान वाटून गेला, त्यातला एक खोका पोरानं माझ्यापुढे ठेवला. आत लढाईचा खेळ. पुठ्ठ्यावर समुद्राकाठच्या बंदराचा नकाशा, वर चौकोनी सोंगट्या, त्याच शिपाई. होड्यांतून गुपचूप उतरायचं, गोदीचा दरवाजा सुरुंगानं उडवायचा आणि होड्या सुटायच्या आत परतायचं. समोर गडी लागत नाही, शत्रूची चाल पत्ता उलटून कळते.

बायको आमच्या अहिराणीत म्हणाली, "कारखाना सुटी गया, आते सोंगट्या खेळस!"

सून बारावी शिकलेली. ती नियम वाचायची, मी चाल करायचो. माझी शाळा दुसरीतच सुटली, पण कुठली चाल करायची हे मी कोणाला विचारत नाही.

रोज हरायचो. कारण सुनेनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "आबा, जखमी झाला तो तिथंच सोडायचा. तुम्ही प्रत्येकासाठी मागं फिरता, तेवढ्यात वेळ जातो."

"धागा तुटला की मशीन थांबवतात. गाठ मारतात, मग पुढं."

"हे मशीन थांबत नाही आबा."

"मग मशीन खराब आहे."

ती हसली. मी नाही हसलो. गावाकडून कितीतरी पोरं मी स्वतः सुरतेत आणली, त्यांच्या आयांना शब्द देऊन मशीनवर उभी केली. एक पडला म्हणून त्याला तिथंच सोडून बाकीच्यांना घेऊन पुढं जायचं, हे माझ्या हातून होईना.

सुनेनं एकदा हट्टानं नियमाप्रमाणे खेळायला लावलं. दरवाजा उडाला. "जिंकलात आबा!" ती टाळ्या वाजवायला लागली. नकाशावर चार सोंगट्या तशाच पडून होत्या. मी म्हटलं, "ही जीत मी धरत नाही. पुन्हा मांड."

मग एका दुपारी ठरवूनच बसलो. दरवाज्याकडे गेलोच नाही. पडलेला एकेक शिपाई उचलत, दम खात, काठापर्यंत आणला. शेवटचा होडीत चढला तेव्हा माझीच पाठ मोडून आली होती.

सून नियमांचं पुस्तक चाळत म्हणाली, "दरवाजा शाबूत आहे. हरलात."

संध्याकाळी पोरगा कामावरून आला, चपला काढता काढता म्हणाला, "काय आबा, आज तरी जिंकले का?"

सूनच चहा ओतत म्हणाली, "हरले. पण सगळे परत आले."

"मग काय उपयोग?" पोरगा म्हणाला.

मी भिंतीकडे तोंड करून आडवा झालो. झोप चांगली लागली.