वीटकरी रंगाचा कोट

घरात तिला सगळे बडबडी म्हणत, आणि ते नाव तिने स्वतःच्या हिमतीवर कमावलं होतं. प्रश्न कुणालाही विचारलेला असो, उत्तर हिच्याकडून यायचं. कापडाच्या रंगांचं शास्त्र शिकायला ती परदेशी निघाली तेव्हा वडील म्हणाले, आपण इतकी वर्षं काय सोसलं ते तिकडच्यांना आता कळेल. आईने एकच गोष्ट मागितली: दर रविवारी फोन. तिची दुपार म्हणजे घरची संध्याकाळ, तेव्हा सगळे निवांत असतात.

सुरुवातीचे पराक्रम तर विचारू नका. उलट्या दिशेच्या बसमध्ये बसून ती थेट डेपोत पोचली आणि चालकाशी गप्पा हाणत परत आली. वसतिगृहात दूध करपवून धुराची घंटा वाजवली आणि अख्खी इमारत रस्त्यावर आणली. वर रंगांचं शास्त्र शिकणाऱ्या या बाईसाहेबांनी शेजारणीचे पांढरेशुभ्र कपडे धुऊन गुलाबी करून दाखवले. ते निस्तरायला ती एका लाँड्रीत गेली, आणि तिथेच तिला तिचा वर्ग सापडला.

लाँड्रीच्या वर एक खोली होती. खालच्या वाफेने तिच्या काचा कायम ओल्या, भिंतीतल्या नळ्या सारख्या फुसफुसायच्या. इस्त्री करणाऱ्या बाया दूरदूरच्या मुलखांतून आलेल्या. रविवारी दुपारी त्या तिथे जमून इथली भाषा लिहा-वाचायला धडपडायच्या. औषधाच्या बाटलीवरचं वाचता यावं, मुलांच्या शाळेतून आलेली चिठ्ठी कळावी, एवढंच त्यांचं मागणं. पण शिकवायला कुणी टिकत नव्हतं. बडबडीने विचार न करता हो म्हटलं. विचार करून हो म्हणायची तिला सवयच नव्हती.

त्या बायांतली थोरली, जिला सगळ्या मुकादमीण म्हणत, तिने दारामागच्या खुंटीवरून एक वीटकरी रंगाचा कोट काढला. शिकवताना हा घालायचा, असा इथला नेम. मागच्या खुर्चीत एक म्हातारी बसते, तिला फक्त रंग आणि आकार कळतो. तिची मुलगी हाच कोट घालून या वर्गाला शिकवायची. तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. म्हातारीला परोपरीने समजावलं, पण रविवारी माझी लेक शिकवते म्हणून ती इथे येऊन बसायची आणि लेक दिसली नाही की अन्नाला शिवायची नाही. पुढे शिकवायला आलेल्या एकीने थंडी वाजली म्हणून तो कोट चढवला, आणि त्या दिवशी म्हातारी पोटभर जेवली.

"ती काहीबाही विचारेल," मुकादमीण म्हणाली. "तू शिकवत राहा. उत्तर देऊ नको."

"का बरं?"

"आधीच्या कुणीच दिलं नाही, म्हणून."

आता बडबडीला गप्प राहायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. तरी तिने बरेच रविवार काढले. कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत लोंबायच्या, त्या दुमडून ती फळ्यावर अक्षरं गिरवायची. वर्गाची आणि घरच्या फोनची वेळ एकच. आधी फोन घाईचे झाले, "आई, वर्ग आहे, ठेवते गं," आणि मग राहूनच जाऊ लागले. आई समजून घेईल, असं तिने गृहीत धरलं. आयांच्या बाबतीत आपण सगळेच असं धरतो.

एका रविवारी फळा पुसताना मागून आवाज आला, "जेवलीस का गं?"

अगदी आई विचारते तसंच.

"हो आई, जेवले," ती म्हणाली.

बायांच्या पेन्सिली थांबल्या. नळ्यांची फुसफूसही थांबली, आणि मुकादमीण खाली मान घालून बसून राहिली. म्हातारी मात्र इतकी हसली, की बडबडीला आपण फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं. पुढे दर रविवारी तिचे प्रश्न आणि हिची उत्तरं. म्हातारीच्या अंगावर मांस चढलं. बाह्या दुमडायची गरज उरली नव्हती, पण ते हिच्या ध्यानातही आलं नाही.

मनाला टोचणी लागली म्हणून तिने एकदा आडवारी घरी फोन केला. रागावणं, रडणं, सगळ्याची तयारी ठेवली होती.

"रविवारी एवढं बोललो, आणि आज परत?" आई खुशीत म्हणाली. आपला गुडघा, मावशीचं भांडण, सगळं तुला सांगितलंच आहे, आता नवीन काही नाही. "हल्ली किती छान ऐकून घेतेस गं. एकदासुद्धा ठेवते म्हणत नाहीस."

आईचा काही घोटाळा होतोय म्हणावं, तर वडीलही फोनवर आले. रविवारी तू बोलत असताना मागे वाफेसारखं काय फुसफुसत असतं, असं त्यांनी विचारलं. तिने घरी लाँड्रीचं नावही काढलेलं नव्हतं.

तिने धावत जाऊन मुकादमिणीला गाठलं. सगळं ऐकूनही मुकादमिणीने चादरीवरची इस्त्री थांबवली नाही.

"तू तिच्या आईला आई म्हणालीस," ती म्हणाली. "मग ती तुझ्या आईला म्हणणारच. आता कोट घालू नको, बोलू नको. म्हातारीचं आम्ही बघू." पण बोलताना तिने हिच्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी कोट खुंटीवरच राहिला. वर्ग भरायच्या आत, दारात उभी राहूनच बडबडीने घरी फोन लावला. आईचा फोन गुंतलेला होता. तिने वडिलांचा लावला. तो आईनेच उचलला.

"आई, मी बोलतेय."

"मी म्हणजे कोण?" आई हसली. "माझी लेक दुसऱ्या फोनवर आहे. तुम्हाला कोण हवंय?"

तिने एका दमात सगळं सांगितलं: घरातलं नाव, वडिलांची थट्टा, करपलेलं दूध, गुलाबी कपडे. आई एखाद्या हरवलेल्या पोरीचं ऐकावं तशी शांतपणे ऐकत होती.

"घाबरलेली दिसतेस, बाळा. नंबर चुकलाय तुझा. तुझ्या आईला फोन कर हं, वाट बघत असेल ती."

पलीकडच्या फोनमधून एक हळू आवाज आला, "आई, कोण आहे गं?"

"कुणी नाही," आई त्या आवाजाला म्हणाली. मग हिला म्हणाली, "ठेवते हं."

फोन बंद झाला. बडबडी रडायला लागली. बाया आपापल्या जागी बसल्या होत्या, कुणी वर बघत नव्हतं. हिच्या अंगात कोट नव्हता, तरी म्हातारीने मान वळवली ती बरोबर हिच्याच दिशेला.

"जेवलीस का गं?"

मुकादमिणीने उठून कोट खुंटीवरून काढला आणि हिच्यापुढे उघडून धरला. बडबडीने एकेक हात आत घातला. बाह्या अगदी मनगटापर्यंत आल्या.

"हो आई," ती म्हणाली. "आत्ताच जेवले."