अष्टमीचा उपास आणि दोन गोळ्या

लग्न होऊन दिघीला आले आणि वर्षाच्या आत दम्यानं मला धरलं. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. ओली लाकडं फुंकता फुंकता माझ्याच छातीचा भाता व्हायचा. खिडकी पाडू या, असं एकदा सुचवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "सात पिढ्या हितंच रांधलं. कुनाला काय झालं न्हाई." देवीपुढं हात जोडायचे ते केवळ सवयीनं. जिला माझी धाप ऐकू येत नाही तिला माझं गाऱ्हाणं कसं ऐकू जाणार, असंच वाटायचं.

हे पिंपरीच्या कारखान्यात होते. तिथल्या एका डॉक्टरांनी मला एफेड्रिनच्या गोळ्या दिल्या. श्वास मोकळा व्हायचा खरा, पण छातीत धडधड, डोळ्याला डोळा नाही, आणि हात असे कापायचे की बशीत कप वाजायचा. म्हणून एका वेळी अर्धीच घ्या, असं त्यांनी बजावलं होतं. नवरात्रातल्या अष्टमीला टेकडीवर देवीची ओटी भरायला निघालो, तेव्हा चढाच्या धास्तीनं मी शहाणपणा केला. उपाशीपोटी दोन अख्ख्या गोळ्या गिळल्या.

वर पोचले ती थरथरतच. गाभाऱ्यात ऊद कोंडलेला, बाहेर संबळ. माझे दात वाजू लागले, अंबाडा सुटला. कुणीतरी ओरडलं, "थोरल्या घरच्या सुनंच्या अंगात आलं गं!" बायकांनी मला घेरलं, कपाळभर मळवट भरला आणि ऊद आणखी जवळ आणला. सासूबाईंनी तर चक्क माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "आई, काय चुकलं आमचं? बोल!"

ही देवी नव्हे, गोळी आहे, असं मला सांगायचं होतं. पण श्वास एका शब्दापुरताच उरला होता. "धूर!"

"कुटला धूर, आई?"

"धूर... घालवा..."

तेवढ्यात एका अनोळखी म्हातारीनं धुपाटणं उचलून बाहेर नेलं, बायकांना हटवलं आणि मला उंबऱ्यावर वाऱ्याला बसवून पाठीवर हात फिरवत राहिली. थरथर ओसरल्यावर पाहिलं, तर म्हातारी टेकडी उतरून गेलीही होती.

दुसऱ्याच दिवशी गवंडी आला आणि चुलीमागं ऐसपैस खिडकी झाली. सासूबाई मला 'अहो' म्हणू लागल्या. दोन आठवडे कसेबसे काढले, मग मला राहवेना. "आत्याबाई, ती देवी नव्हती. गोळ्यांनी कापत होते मी."

भाकरी थापता थापता त्या हसल्या. "ठावं हाय मला. तुज्या गोळ्यांची पुडी देवळात पडली व्हती, ती मीच उचलली."

"मग खिडकी का पाडलीत?"

"तुज्या सासऱ्याफुडं माजं कवा चाललंय? देवीच बोलली म्हनल्यावर त्येंची बी बोलती बंद." मग हळूच म्हणाल्या, "मी बी तीस वरीस खोकतीया, पोरी. कुनाला सांगू?"

दमा अजून आहे, गोळी अर्धीच घेते. त्या दिवशी कोण बोललं, यावर मी वाद घालत नाही. माझ्याकडून एकच शब्द निघाला आणि आम्हा दोघींना पुरला. आता देवीपुढं उभी राहते तेव्हा काही मागत नाही. येईल त्या श्वासात 'आई' म्हणते, पुढचं तिला कळतं.