पातेल्यावरचं नाव

सरांचा फोन आला तेव्हा मी नर्सरीत टोमॅटोच्या रोपांचे ट्रे सावलीला सरकवत होते. सर म्हणजे आमच्या कॉलेजचे खेळाचे शिक्षक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाजातली शिट्टी अजून तशीच.

"कॉलेजची स्मरणिका निघतेय," ते म्हणाले. "आंबेगावच्या कॉलेजाबरोबरच्या आपल्या कबड्डीचा सगळा इतिहास मी लिहिलाय. बारा पानं झालीत. तुझं अर्धं पान हवंय."

मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी का होईना, आठवलं म्हणायचं यांना. म्हटलं, "कशावर लिहू, सर?"

"मासवडीवर. तुझ्या हातच्या मासवडीचं नाव लोक अजून काढतात."

हातातला ट्रे मी खाली ठेवला. नाहीतर आपटलाच असता, आणि रोपांचा काय दोष?

आता ज्यांना आमच्याकडचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं कॉलेज जुन्नर तालुक्यात, त्यांचं आंबेगावात. आम्ही कुकडी नदीचं पाणी पिणारे, ते घोड नदीचं. दरवर्षी मुलांच्या कबड्डीचा एक सामना व्हायचा, एका वर्षी आमच्या मैदानावर, पुढच्या वर्षी त्यांच्या. दोन्ही तालुक्यांची सोयरीक गावोगाव, त्यामुळे मैदानाच्या एका बाजूला मामा आणि दुसऱ्या बाजूला भाचा, अशी गत. सामन्यानंतर महिनाभर लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक एकमेकांना टोमणे मारत.

या वैराची सुरुवात म्हणे जेवणातून झाली. पहिल्याच वर्षी आंबेगावकरांनी आमच्या पोरांना सामन्याआधी मासवडी, रस्सा आणि बाजरीच्या भाकरी पोट फुटेस्तोवर वाढल्या आणि मग मैदानात लोळवलं. मासवडी आवडत नाही असा माणूस आमच्याकडे जन्माला यायचाय. तिच्यात मासा नसतो, बेसनाच्या पोळीत तीळ-खोबरं-लसणाचं सारण भरून ती माशासारखी वळायची आणि वड्या कापायच्या. दोन खाल्ल्या की माणूस जड होतो आणि आमच्या पोरांनी दहा-दहा खाल्ल्या. पुढच्या वर्षी आम्ही त्यांना तशाच वाढल्या. मग तो रिवाजच झाला. पाहुण्या संघाला आधी जेवू घालायचं, आणि पाहुण्यांनी नाही म्हणायचं नाही, कारण नाही म्हटलं तर यजमानाचा अपमान.

एका वर्षी आमच्या सात पोरांनी तिकडे गेल्यावर शक्कल लढवली. म्हणाले, आज आमची एकादशी. सातातला एक जुन्नरचा मुसलमान पोरगा होता, तोही गंभीर चेहऱ्याने एकादशी म्हणाला. यजमान कच्चे नव्हते. त्यांनी सातही जणांना साबुदाण्याची खिचडी वाढली, वर दाण्याची आमटी. त्या वर्षी आम्ही मासवडीपेक्षा वाईट हरलो.

हे सगळं सरांच्या बारा पानांत आहे. एकादशीला दीड पान दिलंय. मलाही वाचताना हसू आलं, खोटं कशाला बोलू. त्यांनी ते मोबाईलवर पाठवलं होतं, लेखाचं नाव 'घरच्या मैदानावर अजिंक्य'. आमच्या मैदानावर आमचं कॉलेज आंबेगावकडून कधीच हरलं नाही, असा एकूण सूर. मी शेवटपर्यंत वाचत गेले. अकराव्या पानावर दोन ओळी होत्या. 'याच वर्षी भगिनींचा प्रदर्शनीय सामनाही संपन्न झाला. भगिनींनी केलेल्या मासवडीचा सर्वांनी आस्वाद घेतला.'

तळपायाची आग मस्तकात गेली. प्रदर्शनीय. म्हणजे कोण जिंकलं, कोण हरलं, त्याला अर्थ नाही. नुसतं बघायचं आणि टाळ्या वाजवायच्या.

त्या दिवशी मी आमच्या संघाची कर्णधार होते आणि डावा कोपरा खेळत होते. मुलींचा संघ पहिल्यांदाच उतरणार होता. चार महिने आम्ही सकाळी सहाला मैदानावर येऊन माती उकरली, पाणी मारलं, गुडघे फोडून घेतले. ओतूरहून येणाऱ्या दोघी पहिल्या एसटीने यायच्या. आणि सामन्याच्या दिवशी सकाळी सरांनी आम्हा बाराही जणींना मैदानाऐवजी मांडवामागच्या चुलींकडे पाठवलं. पाहुणी पोरं जेवायची होती ना.

आंबेगावच्या मुलींची जीप आली. त्या पिशव्या घेऊन पंगतीच्या सतरंजीकडे वळल्या, तर सर म्हणाले, "अगं, तुम्ही कसल्या पाहुण्या, तुम्ही घरच्याच. जरा हातभार लावा पोरींना." त्यांचे मुलगे पाहुणे आणि त्यांच्या मुली घरच्या. एकाच कॉलेजातून, एकाच रस्त्याने आलेले सगळे.

त्यांची कर्णधार माझ्यासमोर येऊन बसली. काळीसावळी, उंच, मनगटं नांगर धरल्यासारखी. ओल्या फडक्यावर मी बेसन थापायचं आणि तिने सारण भरायचं, असं आमचं जमलं.

"डावा कोपरा तूच ना?" तिने मान वर न करता विचारलं.

"हो."

"मग तुझ्याच बाजूनं येनार मी."

"ये तर."

"येते. आदी ह्यांचं जेवन उरकू दे."

एवढंच बोललो आम्ही. हातांना लसणाचा वास घेऊन दोघी मैदानात उतरलो.

मुलांचा सामना आधी झाला आणि आम्ही जिंकलो. आमचा सुरू झाला तेव्हा उन्हं कलली होती. उसात बिबट्या असतो, मुलींना घरी लवकर पोहोचायला हवं, म्हणून सरांनी आमचे डाव निम्म्याने कमी केले. बिबट्या मुलांना घाबरत असावा, त्यांचे डाव पुरे झाले.

तरी खेळलो. इतकं जीव तोडून खेळलो की अंगत-पंगत करून सुस्तावलेले लोक उठून रेषेपाशी येऊन उभे राहिले. शेवटची चढाई उरली तेव्हा दोन्हीकडे सारखे गुण. ती आली. बोलल्याप्रमाणे माझ्याच बाजूने आली. मी तिचा घोटा धरला, दोन्ही हातांनी, आणि मागून आमच्या तिघी तिच्या अंगावर पडल्या. कुणीही तिथंच संपलं असतं. ती मातीत उताणी, वर आम्ही चौघी, आणि तिच्या तोंडून कबड्डी, कबड्डी चालूच. माझा कान तिच्या तोंडाजवळ होता. दम बारीक झाला, पण तुटला नाही. ती आम्हा चौघींना ओढत गेली आणि मधल्या बोटाचं टोक तिने मध्यरेषेला लावलं. माझ्या गुडघ्याचं कातडं त्या ओढाताणीत गेलं, तो व्रण अजून आहे.

पंचांनी आंबेगावच्या बाजूने हात वर केला. आंबेगावकरांनी एकच गिल्ला केला.

आणि सर माईकपाशी गेले. म्हणाले, "मुलींचा प्रदर्शनीय सामना अतिशय रंगतदार झाला. दोन्ही संघांचं कौतुक." सकाळपासून कुणाच्या तोंडी नसलेला तो शब्द तेव्हा पहिल्यांदा निघाला. निकाल सांगितलाच नाही. टेबलावर मुलांची ढाल होती, शेजारी मुलींच्या बक्षिसाचं स्टीलचं मोठं पातेलं. बारा जणींत एक पातेलं, आणि तेही स्वयंपाकाचं. ते सरांनी उचललं आणि तिच्या हातात दिलं. "पाहुण्या मुलींना रिकाम्या हातांनी कसं पाठवायचं? आपली पद्धत नाही."

सकाळी घरच्या असलेल्या संध्याकाळी पाहुण्या झाल्या. जिंकलेल्यांची आहेर करून बोळवण केली.

तिने माझ्याकडे पाहिलं. दम तुटला नव्हता हे मला सगळ्यांत जवळून माहीत होतं. मी कर्णधार होते, माईक चार पावलांवर होता. मी मूग गिळून बसले. सरांचा राग येतो तितकाच मला त्या दिवशीच्या स्वतःचा येतो, आणि तो कुणावर काढता येत नाही.

म्हणून परवा मी त्यांना मासवडीचं अर्धं पान दिलं नाही. मंचरच्या पुढे एका वाडीत तिला दिलंय हे माहीत होतं. गेले. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, दारातच म्हणाले, "मी डावा कोपरा. आपल्या मॅचचं बोलायला आलेय."

ती बघत राहिली. मग हसली आणि म्हणाली, "लई उशीर केला बाई."

चहा पिताना मी स्मरणिकेतल्या दोन ओळी वाचून दाखवल्या. ती रागावेल असं वाटलं होतं. ती उठली, आत गेली आणि पातेलं घेऊन आली. बुडाला काळं, कडेला पोचा आलेला. रोज वापरातलं. काठाखाली कोरलेली अक्षरं तिने बोटाने पुसून मला दाखवली. 'कबड्डी (मुली) विजेता संघ', आणि पुढे आमच्या कॉलेजचं नाव.

मला काहीच कळेना.

"तुमच्या सरांनी आदीच घालून आनलं व्हतं," ती म्हणाली. "दुकानदार इचारतो ना, कुनाचं नाव घालू? त्यांनी सांगून टाकलं."

खरंच. भांडं घेतलं की दुकानदार तिथल्या तिथं विचारतो, आणि सरांना दुसरं नाव सुचलंच नसणार. आम्ही हरू शकतो हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

"सासूला वाटलं, कुनाच्या तरी लग्नातलं उचलून आनलंय," ती सांगत होती. "पोरांना किती येळा सांगितलं, मी जिकले व्हते, चौघींना वढत नेलं व्हतं. पोरगी म्हनती, आई, तू त्या कॉलेजला न्हवतीसच की. वाच, काय लिवलंय. आता नात बी वाचाया लागली. तिला तर मी सांगतच न्हाई." ती पातेल्यात बघत होती. "माज्याच घरात मी खोटी पडले बग. दुसरं काय बी न्हाई मला पायजे. ह्या पोरींनी एकदा खरं मानावं."

मी तिथूनच सरांना फोन लावला. म्हटलं, प्रदर्शनीय सामन्याला विजेता संघ कोरून आणत नाहीत. निकाल छापा. आम्ही हरलो होतो.

"अगं, भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं," सर म्हणाले.

"देणाऱ्याच्या नावाआधी विजेता लिहितात का?"

 ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तू आपल्या कॉलेजची ना? लेखाचं नावच अजिंक्य आहे. एका मुलींच्या मॅचसाठी सगळी परंपरा मोडायची का? आणि हरल्याचं छापून तुला काय मिळणार?"

लोक जिंकल्याचं छापा म्हणून भांडतात. मी हरल्याचं छापा म्हणून भांडत होते आणि तरी सर मला नाहीच म्हणत होते. मी फोन ठेवला. तिला म्हटलं, पातेलं घे आणि चल.

नारायणगावात बाजारपेठेत भांड्यांचं एक जुनं दुकान आहे. दुकानदाराने पातेलं हातात घेऊन फिरवलं, अक्षरं वाचली. मी म्हटलं, हे नाव काढून टाका.

"स्टीलवरचं निघत न्हाई ताई," तो म्हणाला. "घासलं तर पत्रा जाईल. खाली घालता येईल काय घालायचं ते. कुणाचं नाव घालू?"

मी वरची ओळ परत वाचली. विजेता संघ, पुढे आमचं नाव. म्हटलं, "खाली घाला, यांना हरवणारी. आणि त्याच्यापुढे हिचं नाव."

त्याने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "माहेरचं का सासरचं?"

"माहेरचं," ती म्हणाली. "तवा तेच व्हतं."

मशीनची घरघर सुरू झाली. ती काउंटरवर दोन्ही हात ठेवून एकेक अक्षर उमटताना बघत होती आणि ओठ हलवत वाचत होती. आडनाव पूर्ण झालं तेव्हा तिने नाक पदराला पुसलं. दुकानदाराने फुंकर मारून पत्र्याची भुकटी उडवली आणि सवयीने विचारलं, "कुणाकडून घालू?"

ती म्हणाली, राहू दे आता.

"घाला," मी म्हणाले. "हरलेल्यांकडून."