पिनची दोन टोकं

"गिअर टाकला की मागनं खाट्कन आवाज येतोय. आठ महिन्यांपूर्वी तुमच्याकडंच टायर बदललाय," शिरोळचे सर म्हणाले. त्यांच्या जुन्या परदेशी मोटरसायकलला चेन नव्हती. चेनऐवजी लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, इंजिनाची ताकद मागं नेतो. चाकापाशी एका बंद डब्यात गिअर असतात. तो फायनल ड्राइव्ह. डब्याचे दात चाकाच्या मध्यभागी, हबमधल्या खाचांत अडकतात आणि चाक फिरतं.

मी त्या गॅरेजचा हेडमिस्त्री होतो. गाडी मेन स्टँडवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं. हललं नाही, म्हणजे बेअरिंग ठीक. गिअरमध्ये टाकून चाक पुढं-मागं फिरवलं. चांगलं दोन बोटं मोकळं फिरून मग अडकलं. इतका प्ले, म्हणजे ढिलेपणा, नको. डब्यातलं ऑइल काढून बोटांवर चोळलं. धातूची चकाकी नाही, कण नाहीत. गिअर शाबूत.

उरले दात. टायर आमच्या गॅरेजातल्या मल्लाप्पा मिस्त्रीनं बसवला होता, आणि त्याच्या कामावर माझा आधीपासून संशय. चाक उघडण्याआधीच मी गॅरेजच्या मालकांना म्हणालो, "मल्लाप्पानं दातांना ग्रीस लावलं नसणार, कोरडे झिजले."

मग आसाच्या नटाजवळ बसलो. नट सुटू नये म्हणून त्यात एक पिन असते. मल्लाप्पा तिचं एक टोक वर वळवायचा, एक खाली. मी दोन्ही एकाच बाजूला वळवायचो. ही दोन्ही एकाच बाजूला होती.

तेव्हा आठवलं. टायर बसवून मल्लाप्पा जेवायला गेला होता. त्यानं थापलेलं ग्रीस ब्रेकवर उडेल म्हणून मी चाक परत काढलं, सगळं डिझेलनं धुऊन लख्ख पुसलं. बेताचं ग्रीस मी लावणार होतो. गिऱ्हाईक आलं, आणि चाक कोरडंच बसलं.

मल्लाप्पा पलीकडच्या गाडीवर काम करत होता; पिन ओढून मी खिशात टाकली. चाक काढलं. खाचांतून गंजाची विटकरी भुकटी पडली. दात झिजून सुरीच्या धारेसारखे झाले होते. अजून थोडे दिवस, आणि सर कुठंतरी घाटात चाक न फिरणाऱ्या गाडीवर बसले असते.

मालक मल्लाप्पावर ओरडले, "ग्रीस लावाय काय झालतं रं तुला?"

"लावलंतं की, मालक! चांगलं बोटभर लावलंतं."

"मग काय सरांनी चाटलं व्हय?"

मल्लाप्पानं वाकून नट बघितला, मग माझ्याकडं वळला. "मिस्त्री, पिन कुठं हाय?"

"मोडली. टाकली."

"कुठं टाकलीसा?"

"आता कचरा उपसत बसू काय?"

तो पलीकडच्या गाडीकडं गेला. संध्याकाळी हत्यारं घेऊन गेला, परत आला नाही. सरांना नवे भाग मिळाले. माझी नोकरी निवृत्तीपर्यंत चालली.

गेल्या महिन्यात कबनूरला गेलो. मल्लाप्पा तिथं यंत्रमागांची दुरुस्ती करतो. यंत्रांच्या खडखडाटात मोठ्यानं बोलावं लागलं. माझी चूक मला ओरडून सांगावी लागली. दोन कामगार थांबून ऐकत होते. मल्लाप्पा हात पुसत राहिला.

"मला त्या दिवशीच कळलंतं, मिस्त्री. मोडल्याली पिन कोण खिशात घालतंय व्हय?"

"मग मालकांना बोलला का नाहीस?"

"तुमी हुबं हुतासा की तिथं. मला वाटलं, तुमीच बोलशिला."

चहा पाज म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. तिथूनच मालकांकडं गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. आता ते थकलेत. म्हणाले, "आता सांगून काय उपयोग?" बहुतेक काहीच नाही. तरी लिहून ठेवतो: ग्रीस मल्लाप्पानं लावलं होतं. पुसलं मी.

शाफ्टच्या गाडीचं मागचं चाक काढलं की दातांना ग्रीस लावा. दुसऱ्यानं लावलेलं पुसायचं असेल, तर तो जेवून येईपर्यंत थांबा.