निंबा सरांनी बसवलेले फॉल्ट

आयटीआयच्या वीजतंत्री विभागाचे निदेशक निंबा सर गेल्या मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाले. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी नोकरीतली बहुतेक वर्षं काढली. मी तिथे त्यांच्याकडे दोन वर्षं शिकलो आणि नंतर वर्तमानपत्रात आलो.

विद्यार्थी येण्याआधी अर्धा तास सर वर्कशॉपमध्ये असत. तेवढ्या वेळात ते एखादं चालू यंत्र बिघडवून ठेवत. कधी स्टार्टरमधली वायर ढिली करत, कधी फिल्टरमध्ये चिंधी कोंबत. मग दिवसभर आम्ही तो बिघाड शोधायचा. हत्यारांची पेटी कुलपात आणि किल्ली त्यांच्या खिशात असे. आधी तीन प्रश्न विचारावे लागत: बिघाड कधीपासून आहे, त्याआधी काय बदललं आणि शेवटचा हात कोणी लावला. उत्तरं पटली की किल्ली मिळे.

सरांचं गाव साक्रीकडचं. वर्गात ते मराठी बोलत. रागावले किंवा खूश झाले की अहिराणीवर येत. एकदा मी न तपासता थेट कपॅसिटर बदलला. पंखा फिरला. सर म्हणाले, “नवा पार्ट टाकनारा गिऱ्हाईक शे भो, मेकॅनिक नही. जुना पार्ट बसाड परत.” मी बसवला. पंखा तरीही फिरला. मूळ दोष कपॅसिटरखालच्या सैल वायरचा होता आणि माझा हात लागून ती घट्ट झाली होती. “बरा व्हयना,” सर म्हणाले. “पन तुनामुळे नही.”

आमच्या बॅचने यावर एक तोड काढली. यंत्रापेक्षा सर वाचणं सोपं होतं. बुटाला चिखल असला तर बिघाड पाइपाच्या तळाशी पाण्यात बुडालेल्या फूटव्हॉल्व्हमध्ये, बाही ओली असली तर फिल्टरमध्ये, चष्मा कपाळावर असला तर स्टार्टरमध्ये. ही माहिती आम्ही एका वहीत लिहिली आणि जाताना पुढच्या बॅचला दिली. ती वही पुढे अनेक वर्षं चालली. आमचे बिघाड झटपट सापडू लागले, तेव्हा सर खूश दिसले. त्यांना वहीचा पत्ता नव्हता.

दोन वर्षांपूर्वी ठिबक सिंचनाच्या एका कंपनीचे अधिकारी तिथे निवडीसाठी आले. जागा एक, उमेदवार तीन. मी बातमीसाठी गेलो होतो. पहिलं नाव रोहिणीचं होतं. ती सुट्ट्यांमध्ये केळीच्या पॅकिंगला जायची. नोकरी मिळाली नाही तर कायमचं तिकडेच जायचं, असं घरी ठरलं होतं. हे तिनेच बाहेरच्या बाकावर मला सांगितलं, वहीची पानं उलटता उलटता. वही मी ओळखली.

परीक्षा ठिबकच्या संचावर होती: टाकी, मोटार, फिल्टर आणि आवारात पसरलेल्या नळ्या. सकाळपासून वीज नव्हती. ती दहाला आली, तेव्हा अधिकारी खुर्चीवर बसले होते. सरांनी स्टार्टरची एक वायर काढून ठेवली होती; संच चालवून पाहायला वेळ मिळाला नाही. अधिकाऱ्यांनी वीस मिनिटं दिली.

रोहिणीने वायर पाच मिनिटांत शोधली आणि जोडली. बटण दाबलं. मोटार चालली, पण पाण्याला जोर नव्हता. शेवटच्या नळीपर्यंत थेंबही पोचेना.

तिने सरांकडे पाहिलं. त्यांची बाही ओली होती. तिने फिल्टर उघडला. तो स्वच्छ होता. मग बूट पाहिले. कोरडे होते. चष्मा नाकावर होता. तिने तरीही एक व्हॉल्व्ह उघडून बंद केला. बारा मिनिटं झाली. ती पुन्हा सरांकडे पाहू लागली.

“मना तोंडकडे काय देखस, माय?” सर म्हणाले.

“तुम्ही अजून काय केलंय, ते बघतेय सर.”

“मी एकच वायर काढी. हाई माले बी माहीत नही.”

अधिकाऱ्यांनी कागदावरून मान वर केली. निदेशकाला आपल्याच संचाचा बिघाड माहीत नाही, हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. रोहिणी मात्र सैलावल्यासारखी दिसली. ती दारातल्या शिपायाकडे वळली.

“शामभाऊ, काल हा संच चालला होता?”

“बेस चालना.”

“मग हात कोणी लावला?”

“मशीनले कोनीच नही. सकाळे भायेर खांबावरनी डीपीवर वायरमन व्हता. त्यानी तारा सोड्यात न परत जोड्यात.”

रोहिणीने मोटार बंद केली आणि मागचा पंखा थांबेपर्यंत खाली वाकून पाहिला. मोटारीवर बाणाची खूण असते. पंखा बाणाच्या उलट फिरत होता. तीनपैकी दोन तारांची बाहेर डीपीवर अदलाबदल झाली होती, म्हणून मोटार उलटी चालत होती आणि पाण्याला जोर येत नव्हता. तिने मेन स्विच पाडला, मोटारीच्या दोन तारा एकमेकींच्या जागी लावल्या आणि पुन्हा बटण दाबलं. शेवटच्या नळीत पाणी आलं तेव्हा अठरा मिनिटं झाली होती. शामभाऊंनी टाळी वाजवली, मग साहेबांकडे पाहून हात मागे घेतले.

“हा फॉल्ट तुम्हीच लावला होता ना?” अधिकाऱ्यांनी सरांना विचारलं. “चांगला आहे.”

“नाही साहेब. मला सापडला असता, पण तिच्यानंतर.”

“आणि बाही कशी भिजली?” मी विचारलं.

“तोंड धुतलं. का रे?”

मी वहीबद्दल सांगितलं. सरांनी ती मागवली आणि उभ्याउभ्या पूर्ण वाचली. मध्ये दोनदा हसले. “एवढा अभ्यास मोटारचा करता तर...” म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं. दुसऱ्या दिवसापासून ते बिघाड विद्यार्थ्यांकडून बसवून घेऊ लागले आणि स्वतः बाहेर थांबून शोधायला येऊ लागले. पहिल्या आठवड्यात दोन बिघाड त्यांना सापडले नाहीत. ते त्यांनी फळ्यावर लिहून ठेवले.

रोहिणीची निवड त्याच संध्याकाळी जाहीर झाली. सोमवारी ती रुजू झाली. तिची पहिली तक्रार यावल तालुक्यातल्या एका केळीच्या बागेतली होती: मोटार चालते, पाणी येत नाही. मोटार सरळ फिरत होती. विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हमध्ये केळीचं पान अडकलं होतं.