पोर्टलची किल्ली

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या त्या विद्यापीठात कालिंदीला ‘मिसेस सबनीस’ म्हणणारा एकच माणूस होता, रजिस्ट्रार बागची. बाकी साऱ्यांची ती कालिंदीदी. पोरांची तर जरा जास्तच दीदी, कारण पोर्टलची किल्ली तिच्याकडे होती.

पोर्टल म्हणजे काय, तर मुलांनी आपापले निबंध त्यावर चढवायचे आणि शिक्षकांनी तिथंच तपासून गुण द्यायचे. मुदत संपली की ते आपोआप बंद. बंद झालेलं पुन्हा उघडायचा अधिकार अख्ख्या विद्यापीठात फक्त कालिंदीला. म्हणून मुदतीच्या दिवशी तिचा फोन खाली ठेवायची सोय नसे.

“दीदी, एकटू खुले दिन ना.” जरासं उघडा ना.

“कुठून बोलतोस?”

“बराकपूर लोकलमधून, दीदी. चढवतच होतो, मध्येच रेंज गेली.”

“महिनाभर काय झोपा काढत होतास? गाडीत आठवतो होय रे निबंध?” असं आधी झाडायचं आणि मग उघडून द्यायचं, हा तिचा शिरस्ता.

कालिंदी इथं आली ती नवऱ्याच्या बदलीबरोबर. सुधाकर बँकेत, दर तीन-चार वर्षांनी गाव बदलायचं, नव्या गावात ‘साहेबांच्या मिसेस’ व्हायचं. कोलकात्यात मात्र तिला ही नोकरी लागली. कंत्राटी होती, पण तिची होती. पुढची बदली गुवाहाटीला झाली तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, मी नाही येत. सासरी सांगताना लेकीची, ऋचाची शाळा पुढं केली. खरं कारण ही खुर्ची होती, आणि ते सुधाकरलाही कळत होतं.

आता विद्यापीठ नवीन पोर्टल घेणार होतं. निवड समितीत तिघं: बागची, भूगोलाच्या आभा सान्याल आणि तांत्रिक बाजू पाहायला कालिंदी. पसंतीला उतरलेली पोर्टलं दोन. एकात किल्ली आत्तासारखीच एका अधिकाऱ्याच्या हातात. दुसऱ्यात किल्लीच नाही. आज सह्या व्हायच्या होत्या.

बालीगंजच्या घरात सकाळी तिनं दोनदा साडी बदलली.

“आई, तुला टेन्शन आला आहे?” ऋचानं विचारलं. तिचं मराठी असंच, कोलकात्याचं पाणी प्यायलेलं.

“नाही.”

“मग चहात मीठ का टाकलं?”

बैठकीला बिनकिल्लीच्या पोर्टलवाल्या कंपनीचा प्रतिनिधी हजर होता. अनीश त्याचं नाव, तिशीतला, पॉलिश केल्यासारखा गुळगुळीत बोलणारा.

“आमच्याकडे मुदत संपली की संपली,” तो म्हणाला. “मध्ये माणसाचा हातच लागत नाही.”

“हेच पाहिजे,” बागची म्हणाले. “मागच्या सत्रात तक्रार आली होती. मुदतीनंतर ठरावीक मुलांनाच पोर्टल उघडून मिळतं म्हणून.”

नाव कुणी घेतलं नाही. गरजही नव्हती. कालिंदीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“सर, रेंज गेली, वीज गेली, तर मुलांनी काय करायचं? वर्षभर राबलेल्या पोराला शून्य द्यायचं?”

बागचींनी चष्मा काढला. “मिसेस सबनीस, स्पष्ट विचारतो. हे तुम्ही मुलांसाठी बोलताय की स्वतःच्या खुर्चीसाठी?”

अनीश उगाच लॅपटॉपची वायर सरळ करू लागला. ‘मुलांसाठी’ हा शब्द कालिंदीच्या अगदी ओठांवर आला होता.

“दोन्हींसाठी,” ती म्हणाली.

बागचींना हे उत्तर अपेक्षित नसावं. ते आभाकडे वळले. आभादी आपल्या बाजूनं बोलतील, हा कालिंदीचा हिशेब. तिच्याच हातचे कांदेपोहे आवडीनं खाणारी बाई.

“कालिंदी, एक सांग,” आभादी सावकाश म्हणाल्या. “जो फोन करतो त्याला तू उघडून देतेस.”

“कुणालाच नाही म्हटलेलं नाही मी, आभादी. कधीच.”

“माहीत आहे मला. पण जो फोनच करत नाही, त्याचं काय?”

“म्हणजे?”

“माझ्या वर्गात एक मुलगी आहे. मुदत चुकली म्हणून लागोपाठ शून्यं पडली तिला. मी म्हटलं, अगं, कालिंदीदीला फोन का नाही केलास? तर म्हणाली, कोण कालिंदीदी?”



कालिंदीला बागचींचा राग परवडला असता. हे नाही परवडलं. तक्रार खोटी आहे, असं ती इतके महिने स्वतःला बजावत आली होती. लाच नाही, लाड नाहीत, मग खोटीच. पण तिचा नंबर कुणाकडे असायचा? हॉस्टेलवर राहणाऱ्यांकडे, चार मित्र असलेल्यांकडे, धीटपणे दीदी म्हणू शकणाऱ्यांकडे. जी पोर वर्गात तोंड उघडत नाही तिच्यासाठी हे दार बंदच होतं, आणि आपण दारात उभं राहून दानशूर म्हणवून घेत होतो.

“मग मी सही करतो आहे,” बागची म्हणाले.

“थांबा सर.” आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. ती अनीशकडे वळली. “तुमच्या पोर्टलमध्ये उघडायचा अधिकार त्या-त्या विषयाच्या शिक्षकाला देता येईल? आणि कुणाला, का उघडून दिलं, ते अख्ख्या वर्गाला दिसेल असं?”

अनीश चाचरला. “येईल… म्हणजे, आम्ही सहसा देत नाही.”

“येईल की नाही?”

“येईल.”

“आणि शून्य पडायच्या आधी मुलाला तिथंच लिहून कळवता येईल? अडचण असेल तर इथं सांग म्हणून?”

“येईल, मॅडम.”

“तशी अट घाला. मग माझी सही याच पोर्टलला.”

बागचींनी चष्मा पुन्हा चढवला. “आणि मध्यवर्ती अधिकारी?”

“लागणार नाही.”

“मिसेस सबनीस, तुमचं कंत्राट त्याच कामाचं आहे. मार्चनंतर मी कसलंही आश्वासन देऊ शकत नाही. कळतंय ना?”

“आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेयस,” आभादी पुटपुटल्या. “अगं, मी असं करायला नव्हतं सांगितलं.”

“तुम्ही विचारलंत ना, तेवढं पुरे झालं.”

अट लिहून झाली. कालिंदीनं सही केली. ‘सबनीस’चा शेवटचा स थोडा लांबला, इतकंच.

बाहेर जिन्याशी आभादींनी तिला गाठलं. “घरी काय सांगशील?”

“सुधाकर म्हणेल, चल गुवाहाटीला.”

“जाशील?”

“माहीत नाही.” तिनं कठड्याला पाठ टेकली. “ते राहू दे. त्या मुलीचं नाव काय?”

“कुठल्या?”

“जी मला ओळखत नाही.”

“फिरदौसी.”

“जुनं पोर्टल मार्चपर्यंत माझ्याच हातात आहे,” कालिंदी म्हणाली. “तिला आज बोलवा. मी वर्गात येऊन सगळ्यांसमोर उघडते.”